हँड्समधला डी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा.

दुपारी पार्लरमध्ये गेले होते. तिथल्या ताईंचा मुलगा चौथीत आहे, इंग्लिश मीडियम, शाळा सुटली की कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसतो. माझ्या एका हाताची नखं झाली तशी ताईंनी त्याची वही पुढे धरली. "मॅडम, बाईंनी लाल पेननं काय लिहिलंय बघा ना, हा सांगतच नाहीये." निबंधाचा विषय माझी आई. खाली शेरा, की कॉपी केलंय, स्वतःचं स्वतः लिही. मी मनातल्या मनात वाचलं आणि वर बघितलं तर ताई वहीकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काही नाही, अक्षर सुधारायला सांगितलंय," असं मी ठोकून दिलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि दुसरा हात घेतला, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं.

पोरानं काय लिहिलं होतं माहितीये? माझ्या आईच्या हातांना रिमूव्हरचा वास येतो म्हणून ती मला चमच्याने भरवते. हे वाक्य कुठल्या गाईडमध्ये असतं सांगा मला! आणि हँड्सच्या स्पेलिंगमध्ये डी नाहीये हो, गाईडमधून उतरवलं असतं तर डी पण आला असता ना?

रिक्षात बसल्यापासून ओशन वुओंग, तो व्हिएतनामी-अमेरिकन कवी, डोक्यातून जात नाहीये. इथल्या बऱ्याच जणांनी वाचलाय त्याला, नसेल वाचला तर वाचा. जन्म १९८८, सायगाव. दोन वर्षांचा असताना फिलिपिन्सच्या निर्वासित छावणीतून घरच्यांबरोबर अमेरिकेत हार्टफर्डला आला. आईला वाचता येत नव्हतं, तिनं जन्मभर नेल सलूनमध्ये लोकांची नखं घासली, आणि ओशन हे नावही तिला एका गिऱ्हाईक बाईशी बोलताना सापडलं, तिला बीच म्हणायचं होतं आणि उच्चार भलताच व्हायचा, म्हणून ती बाई म्हणाली ओशन म्हण. हा मुलगा स्वतः अकराव्या वर्षापर्यंत नीट वाचू शकत नव्हता. अकराव्या! आपल्याकडे पहिलीत पोर अडखळलं की आईला शाळेत बोलावतात.

आणि तोही चौथीतच होता. लायब्ररीत मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणाची कॅसेट ऐकून त्यानं कविता लिहिली, तर सरांनी विचारलं कुठून उतरवलीस, आणि पुरावा सापडतोय का म्हणून त्याचं डेस्क धुंडाळलं. त्यानं हे सगळं मोठेपणी लिहून ठेवलंय. मी ते पूर्वी वाचलं होतं तेव्हा वाटलं होतं, अमेरिका आहे, गोरे मास्तर, ब्राऊन पोरगा, असंच होणार. आज आपल्याच गल्लीत, आपल्याच लोकांत बघितलं.

मान्य आहे, उशिरा वाचणारं प्रत्येक पोर कवी होत नाही. वर्गात पोरं खच्चून भरलेली असतात, बाईंना वह्यांचे गठ्ठे घरी न्यावे लागतात, तेही मान्य. पण एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? बाळा, चमच्यानं का भरवते आई?

बाकी ओशनचं करिअर तुम्हाला गूगलवर मिळेलच. मार्केटिंग शिकायला न्यूयॉर्कला गेला, काही आठवड्यांत सोडलं, मग ब्रुकलिन कॉलेजला साहित्य. २०१६ ला पहिला मोठा संग्रह, त्याला टी. एस. एलियट प्राइज हा कवितेचा मोठा पुरस्कार, २०१९ ला कादंबरी, तीसुद्धा वाचता न येणाऱ्या आईला लिहिलेलं पत्र. त्याच वर्षी मॅकआर्थर ही मानाची फेलोशिप. आधी ॲमहर्स्टला शिकवायचा, आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत. ज्याचं डेस्क उचकलं तो आज दुसऱ्यांच्या पोरांना कविता शिकवतोय. त्याचं गद्य कधीकधी जरा जास्तच नटतं, हे मलाही वाटतं, पण मला फरक पडत नाही.

कारण मला तो त्याच्या आईसाठी आवडतो. ती त्याच्या कार्यक्रमांना यायची, इंग्रजी कळायचं नाही, मग खुर्ची फिरवून श्रोत्यांकडे तोंड करून बसायची. मुलगा वाचतोय आणि ही लोकांचे चेहरे बघतेय, कुठे काय बदलतंय ते. त्या २०१९ मध्येच नोव्हेंबरात कॅन्सरनं गेली. नंतरच्या संग्रहात त्यानं एक कविता केलीये, नेल सलूनमध्ये काम केलेल्या एका बाईनं ॲमेझॉनवरून काय काय मागवलं त्याची महिन्यावार नुसती यादी. आधी नेलपेंट, दुखण्याच्या गोळ्या, मग डोक्याला बांधायचा स्कार्फ, आणि शेवटच्या महिन्यात राखाडी लोकरीचे मोजे, एक जोड. बास. मी ती एकदाच वाचलीये, परत हिंमत झाली नाही.

आज ताई माझ्याकडे तशाच बघत होत्या. मुलानं काय लिहिलंय ते माझ्या तोंडावर शोधत होत्या, आणि मी बावळटासारखी त्या लाल ओळीचं तोंड करून बसले होते. वरच्या दहा ओळींचं तोंड करायला पाहिजे होतं ना मी! वाचून दाखवायला पाहिजे होतं, मराठीत, मोठ्यानं, ड्रायरखाली बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असं. चमच्याचं वाक्य ताईंना अजून माहीतच नाहीये. मी पैसे दिले आणि निघून आले.

उद्या दहाला शटर उघडतं. नखं आजच झालीत, तरी जाणारे.