हिमालयातला बर्फ उजनीत कुठून येणार?

होळी अजून पेटायची आहे आणि सोसायटीच्या, कामाच्या, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही एक मेसेज फिरून गेला. सोबत काश्मीरमध्ये बर्फात गाडल्या गेलेल्या गाड्यांचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: यंदा हिमालयात प्रचंड बर्फ पडला, फेब्रुवारीतच ऊन तापल्याने तो लवकर वितळतोय, त्यामुळे देशभरातली धरणं उन्हाळ्यातच भरतील, सोलापूरला पाणी देणारी उजनीसुद्धा. बर्फाच्या गारव्याने महाराष्ट्राचा उन्हाळा सौम्य जाईल. आणि 'बर्फ जास्त तर पाऊस जास्त' या न्यायाने पावसाळाही दणकून होईल. शेवटी हात जोडलेले आणि 'सोलापूरकरांनो, निश्चिंत राहा!'

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी बघितलेल्या गावाला निश्चिंत राहा म्हणायला धाडस लागतं.

आधी उजनीचं बघू, कारण फॉरवर्ड करणाऱ्यांचा जीव त्यातच अडकलाय. उजनी भीमेवर आहे. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीत. तिला पाणी देणाऱ्या मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, घोड या सगळ्या त्याच डोंगरातल्या, आणि त्या डोंगरावर बर्फ पडत नाही, पाऊस पडतो. हिमालय आणि आपल्यामध्ये गंगेचं अख्खं खोरं, विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी, गोदावरी एवढं सगळं आडवं पडलंय. 'जमिनीखालून झिरपत येतं' असंही काहीजण ठणकावून सांगतात. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या फटींत पाणी मुरतं, पण ते आसपासच्या शिवारात पडलेल्या पावसाचं. हजार-दीड हजार किलोमीटरवरून, मधल्या नद्या चुकवून, इथवर कोणतंही पाणी येत नाही.

धरण कसं भरतं ते सोलापूरकराला शिकवायला नको. जुलै उजाडला की आपण सकाळी चहाबरोबर दौंडचा विसर्ग, म्हणजे वरून उजनीकडे येणारं पाणी, बघतो. 2023 च्या पावसाळ्यात उजनी 60 टक्क्यांच्या आसपासच भरली आणि 2024 च्या उन्हाळ्यात उणे साठीच्या घरात गेली. उणे म्हणजे 53 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) उपयुक्त साठा संपून खालच्या 63 टीएमसी मृत साठ्यातून पाणी काढायचं. मग त्याच वर्षी घाटमाथ्यावर आणि पुण्यात धो धो पाऊस झाला, वरची धरणं सोडावी लागली आणि ऑगस्टमध्ये उजनी काठोकाठ भरली. या हिशेबात बर्फाचा एक थेंबही नाही. फेब्रुवारी ते मे या काळात उजनीत आत येणारं पाणी जवळजवळ नसतंच. कालव्यातून, पाईपलाईनमधून आणि बाष्प होऊन ते फक्त बाहेर जातं.

बरं, जिथे बर्फाचं पाणी खरंच येतं त्या उत्तरेला तरी लवकर वितळणं फायद्याचं असतं का? सतलजवरचं भाक्रा, बियास, चिनाब, ही मंडळी एप्रिल ते जूनमधल्या वितळणाऱ्या बर्फावर विसंबून असतात. पावसाळ्याआधी हळूहळू सुटणारी ती मुदत ठेवच. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये मोडली तर मे-जूनला हात रिकामे. शिवाय फोटोत कमरेएवढा दिसणारा बर्फ पाण्यात मोजला तर फार भरत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फाचा 10 सेंटीमीटरचा थर वितळला की साधारण 1 सेंटीमीटर पाणी मिळतं. लवकरच्या उन्हाचं कौतुक करणाऱ्यांनी 2022 चा मार्चही आठवावा. 1901 पासूनच्या नोंदींत देशभरातलं सरासरी कमाल तापमान तेवढं चढलेला मार्च तोवर झाला नव्हता. पंजाब-हरियाणात गहू दाणे भरण्याआधीच वाळला आणि मे महिन्यात केंद्राला गव्हाची निर्यात बंद करावी लागली.

गारव्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. बर्फ वितळताना उष्णता शोषतो हे खरं, पण ती तिथल्याच हवेतली आणि तिथल्याच उन्हातली. सिमला इथून सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर आहे. आपल्याकडे मार्चनंतर सूर्य डोक्यावर सरकत येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी पायाखालची सावलीही नाहीशी होते. समुद्र लांब, हवा कोरडी, रान उघडं. पारा 42-43 ला जातो तो यामुळे. कुलूच्या बर्फाशी त्याचा बादरायण संबंधसुद्धा जुळत नाही.

पावसाचा दावा मात्र मजेशीर आहे, कारण तो नेमका उलटा आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन होरपळला, त्यात सोलापूर जिल्हाही होता. नुकत्याच, म्हणजे 1875 मध्ये, स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड पावसाचा आगाऊ अंदाज कसा बांधता येईल याच्या मागे लागले. 1884 मध्ये त्यांनी मांडलं की हिमालयात बर्फ जास्त पडला, तर त्यानंतरचा मान्सून कमजोर असण्याकडे कल असतो. खात्याचे सुरुवातीचे अंदाज याच आधारावर निघाले. कारणमीमांसा सरळ आहे. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक ऊन परत फेकतो, उरलेलं ऊन बर्फ वितळवण्यात आणि नंतर ओली जमीन सुकवण्यात खर्च होतं, जमीन उशिरा तापते. मान्सूनचे वारे ओढायला जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात जो फरक लागतो तो कमी पडतो. पुढे 1970 च्या दशकात युरोप-आशियातल्या बर्फाबद्दलही असंच नातं दिसलं.

आता यावरून 'म्हणजे यंदा दुष्काळ' असा नवा मेसेज कृपया काढू नका. हे नातं कधी दिसतं, कधी पुसट होतं, आणि एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याचा, हात त्याहून मोठा. त्याचीही खात्री नाही: 1997 मध्ये एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. शिवाय देशाची सरासरी आणि सोलापूरचा पाऊस यांची गाठ पडतेच असं नाही. आपण पर्जन्यछायेत, आपला मोठा पाऊस सप्टेंबरातला, विजांसह येणारा.

बर्फाचं आणि आपलं एक नातं मात्र आहे, नेमकं तेच मेसेजात नाही. हिमालयात बर्फ टाकणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, कधीकधी खूप दक्षिणेपर्यंत प्रभाव टाकतात. वर थंड हवा, खाली बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प, दुपारचं तापलेलं रान, आणि मग गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पंढरपूर-सांगोल्याकडचे द्राक्ष आणि डाळिंबवाले विसरलेले नाहीत. याच दिवसांत मंगळवेढ्याच्या रानात मालदांडी ज्वारी काढून पडलेली असते. भिजली की दाणा काळवंडतो आणि कडब्याचा भाव पडतो. कासेगावकडे शेडमधल्या जाळ्यांवर बेदाणा वाळत असतो, त्याला पंधराएक दिवस कोरडी हवा लागते. दोन दिवस ढगाळ दमट गेले तरी हिरवा माल तपकिरी होतो आणि व्यापारी हातात घेऊन परत ठेवतो. उत्तरेत बर्फाचा जोर असेल त्या आठवड्यात इथल्या शेतकऱ्याने धरणाची आशा धरायची नाही, ताडपत्री हाताशी ठेवायची.