युद्धात गेलेला पोलिस कोणाचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या शरदात बेल्जियममधील ईप्र येथे मारल्या गेलेल्या, सिटी ऑफ लंडन पोलिस दलातील एका कॉन्स्टेबलवरच्या माझ्या लेखाला आपण आक्षेप घेतला आहे. तो ‘नोकरी सोडून लढायला गेला’, मृत्यूसमयी सैनिक होता, सैन्याने त्याची दखल घेतलीच आहे; मग त्याला पोलिस म्हणून गौरवल्याने कर्तव्यावर प्राण गमावलेल्यांचा मान उणावतो, असे आपले म्हणणे आहे. त्यासाठी आपण त्याच दलाच्या, लंडनमधील हाउंड्सडिच येथे घडलेल्या घटनेचा दाखला दिला आहे. १६ डिसेंबर १९१० च्या रात्री सराफी दुकान फोडू पाहणाऱ्या टोळीने केलेल्या गोळीबारात सार्जंट टकर, सार्जंट बेंटली आणि कॉन्स्टेबल चोट यांचे प्राण गेले. त्यांची आणि युद्धात गेलेल्यांची यादी वेगळी असावी, हे मलाही मान्य आहे. लेखात मी त्या एकत्र केलेल्या नाहीत.

‘नोकरी सोडून’ हे मात्र खरे नाही. त्या काळी ब्रिटिश सैन्यातली भरती साधारणपणे बारा वर्षांची असे, आणि अनेक पलटणींत त्यांतली सात वर्षे प्रत्यक्ष सेवेची, तर उरलेली पाच राखीव दलातली, म्हणजे नागरी जीवनात राहून युद्ध झाल्यास परत रुजू होण्याच्या बंधनाची असत. कवायत आणि शिस्त अंगी मुरलेले असे माजी सैनिक पोलिस दलांना हवेच असत. त्यामुळे ऑगस्ट १९१४ मध्ये बोलावणे आले तेव्हा अनेक पोलिस गस्त सोडून थेट पलटणीत रुजू झाले. जावे की न जावे, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून, अशा राखीव सैनिक-पोलिसांच्या कुटुंबीयांना भत्ता देण्याची मुभा पोलिस प्रशासनांना दिली. ज्याच्या बायकामुलांची तजवीज दलाकडून होऊ शकत होती, त्याला त्याच दलाने मृत्यूनंतर परका का मानावे?

सैन्याने दखल घेतली, हे खरे. पण ती कशी घेतली, तेही पाहावे. ईप्र येथे १९२७ मध्ये खुल्या झालेल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा ५४,००० हून अधिक जणांची नावे रेजिमेंट आणि हुद्दा यांनुसार कोरलेली आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, नाव त्याच भिंतीवर आणि तशाच अक्षरांत, हे तत्त्व मला मनापासून पटते. पण त्यामुळेच तो माणूस युद्धापूर्वी काय करत होता, हे त्या भिंतीवरून कळत नाही. ते सांगायचे, तर पोलिस दलानेच सांगायला हवे.

शिवाय या माणसांच्या जाण्याचे परिणाम मागे राहिलेल्यांनी भोगले. त्यांच्या जागी विशेष (स्वयंसेवी) कॉन्स्टेबल आले, साप्ताहिक सुट्टीवर गदा आली, महागाईपुढे पगार पुरेनासा झाला, आणि ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनचे पोलिस संपावर गेले. पगारवाढ आणि संघटनेला मान्यता यांच्या जोडीने विधवांना निवृत्तिवेतन मिळावे, अशीही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली. (संघटनेला मान्यता मात्र मिळाली नाही.) युद्धावर गेलेल्यांना वगळून दलाची ही चार वर्षे कशी लिहायची, हे आपल्या प्रतिक्रियेतून मला उमगले नाही.

म्हणून शीर्षकातून ‘पोलिस’ शब्द काढावा, ही आपली सूचना मी स्वीकारत नाही. हाउंड्सडिचच्या तिघांवर स्वतंत्र लेख हवा, ही सूचना मात्र रास्त आहे. तो लिहीन, आणि त्यात या कॉन्स्टेबलचा उल्लेख नसेल.