सभासदांना पटवू नका

नौपाड्यातल्या जुन्या चारमजली सोसायटीचे तुम्ही नवे सेक्रेटरी झालात, अभिनंदन! पुनर्विकासाचा बिल्डर ठरलेलाच आहे (कुणी ठरवला, हे विचारायचं नसतं). उरले फक्त सभासद.

त्यांना पटवायच्या भानगडीत मात्र पडू नका. पटवणं हे जांभळी नाक्यावरच्या भाजीवालीचं काम. ती टोमॅटो हातात देते, दाबून बघू देते, वर "पुढे भाव विचारून या" म्हणते, आणि गिऱ्हाईक खरंच पुढे जातं. तिच्या हिशेबात नकारही धरलेला असतो. तुम्हाला हे परवडेल का?

तुम्ही प्रोपगंडा करा. शब्दाला लाजू नका. १६२२ साली पोप पंधराव्या ग्रेगरींनी रोममध्ये धर्मप्रसारासाठी जी संस्था काढली, तिच्या लॅटिन नावातून तो आला. मुळात अर्थ रोपं वाढवणं, कलम लावणं. म्हणजे बागकामच की!

पैसे कोणाचे, हे दिसू देऊ नका. १९२९च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर बायका सिगारेटी ओढत चालल्या. लोकांना वाटलं, स्त्रीस्वातंत्र्य. बेत जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांचा होता आणि त्यांचं बिल भरत होती तंबाखू कंपनी. तुमचं बजेट तेवढं नाही, हरकत नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना ग्रुपवर लिहायला लावा, "गुडघे दुखतात, लिफ्ट हवी." गुडघे खरोखरच दुखतात, हीच तर गंमत! खोटं बोलायची वेळ फारशी येतच नाही. लिफ्टचं खरं ग्रुपवर टाका, कराराचं खरं कपाटात ठेवा.

"स्लॅब कधीही पडेल" हे रोज सुप्रभातच्या गुलाबाखाली पाठवा. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर आलं की ते जास्त खरं वाटू लागतं, असं अमेरिकेत १९७७च्या एका प्रयोगात दिसलं. तेही गुलाबाशिवाय.

एक निवृत्त बँकवाले काका उठतीलच. ते दुसऱ्या जातीचं कलम काढतील, सहकारी संस्था कायद्यातलं ७९-अ, आणि विचारतील, "बिल्डरची प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी कुठाय?" उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की कागद दाखवावा लागतो, कागद दाखवला की लोक वाचतात, आणि वाचून नाही म्हणू शकतात. त्यापेक्षा काकांचंच बारसं करा. मराठीत नाव तयार आहे: विघ्नसंतोषी.

सर्वसाधारण सभेत माईक हातातून सोडू नका. "कुणाचा विरोध?" हे जरूर विचारा, लोकशाही आहे. काकांचा हात वर गेला की वडे आत आणायला सांगा. गरम असले पाहिजेत.