टेक्सासच्या कायद्याने कुणाची ‘मदत’ बंद झाली?

रविवारी रात्री अकराला सांगलीहून ताईचा फोन आला. “अरे, त्याची ती मदत बंद होणार म्हणे?” भाचा टेक्सासच्या एका सरकारी विद्यापीठात शिकतो. त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. वर्गात प्राध्यापक बोलतात ते त्याच्या लॅपटॉपवर अक्षरांत उमटतं, परीक्षेला जादा वेळ मिळतो. ताई घाबरली ती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमुळे: “टेक्सासने कायदा करून कॉलेजांतलं आरक्षण संपवलं. अपंग, काळे, बायका, सगळ्यांच्या सवलती बंद. आता आपल्या मुलांना जागाच जागा. नुकसान कुणाचंच नाही.”

पुढे ढकलणाऱ्या एकानेही कायदा उघडलेला दिसत नाही. मी उघडला. सिनेट बिल १७, राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी जून २०२३ मध्ये सही केलेलं, १ जानेवारी २०२४ पासून लागू.

आधी अपंगांचं, कारण मेसेजचं खरं पाप तिथेच आहे. या कायद्याने सरकारी विद्यापीठांतल्या ‘विविधता, समता, समावेशन’ (इंग्रजीत ‘डीईआय’) कार्यालयांवर बंदी घातली. असं कार्यालय म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यातच आहे. तिच्यात वंश, वर्ण, लिंग, लिंगओळख, लैंगिक कल हे शब्द येतात. अपंगत्व नाही. भाच्याला मिळते ती मदत १९७३ आणि १९९० च्या केंद्रीय कायद्यांतून येते, आणि राज्याच्या विधिमंडळाला ते कायदे रद्द करता येत नाहीत. एका ओळीच्या थापेपायी त्या पोराने या सत्राचा मदतीचा अर्ज भरायचा थांबवला. आईनेच सांगितलं होतं, “उगाच नजरेत येऊ नकोस.”

आता ‘आरक्षण’. आपल्यासारख्या राखीव जागा टेक्सासने संपवायला शिल्लकच नव्हत्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच अवैध ठरवल्या. प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर २०२३ साली टाच आली, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, टेक्सासच्या कायद्याने नव्हे. या कायद्यात तर अपवादांच्या यादीत ‘विद्यार्थी प्रवेश’ स्पष्ट लिहिलाय. त्याच यादीत वर्गातलं अध्यापन, संशोधन आणि विद्यार्थी संघटनांचे कार्यक्रमही आहेत. मग आपल्या मुलांच्या जागा मोकळ्या झाल्या कुठून?

एक गोष्ट मान्य करतो, जड मनाने का होईना. नोकरीच्या अर्जासोबत विविधतेवरच्या आपल्या निष्ठेचं निवेदन मागायची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि ती मलाही पटत नव्हती; या कायद्याने तीही बंद केली. रसायनशास्त्र शिकवायला येणाऱ्याकडून असलं प्रतिज्ञापत्र कशाला? अमेरिकेतल्याच एमआयटी या नामांकित विद्यापीठाने तर कुठल्याही कायद्याविना २०२४ मध्ये ते मागणं बंद केलं. तेवढ्यापुरता हा कायदा चुकीचा म्हणता येत नाही.

पण ‘नुकसान कुणाचंच नाही’? ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जानेवारी २०२४ मध्ये बहुसांस्कृतिक केंद्राला टाळं लागलं. एप्रिलमध्ये अख्खा विभाग मोडला आणि डझनावारी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं ज्यांच्याकडे फॉर्म घेऊन जायची, अशीच ही माणसं होती.

कायद्याचं कलम ग्रुपवर टाकलंय. भाच्याच्या अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांनी त्याआधी ताईला फोन करून सांगावं, की ते खोटं होतं.