लहान-मोठी जोडी

आमच्या आर्वी तालुक्यात बैलजोडी जमवायची म्हणजे माणूस चार बाजार पालथे घालतो. उंची, शिंगं, चाल, सगळं पाहतो. मी माझी जोडी न पाहताच जमवली. एक नग नागपूरच्या भंगारातला, दुसरा कुरिअरने आलेला. नग म्हणजे व्हूडू टू, 1998 सालचं, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चिपचं, कॉम्प्युटरवर गेमची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड. एक 12 एमबी मेमरीचं, दुसरं 8 एमबीचं.

हे कार्ड म्हणजे शंकरपटाचा बैल. थ्रीडी गेम आला की उधळतं, एरवी वखराला लावाल तर जागचं हलत नाही. विंडोज 98 चा साधा पडदा दाखवायलाही शेजारी वेगळं कार्ड लागतं, त्याचं चित्र वायरने यातून पुढे जातं. दोन व्हूडू जुंपले तर एक पडद्यावरच्या सम ओळी रंगवतो, दुसरा विषम. एकटा 800 बाय 600 ठिपक्यांच्या चित्रापर्यंत खेचतो, जोडी 1024 बाय 768. एवढ्यासाठी मी चाळीशीत रात्री जागत होतो.

कॉम्प्युटर ज्या खोलीत, त्याच खोलीत भाव वाढायची वाट पाहणारा कापूस. स्लॉटमध्ये रुई, पंख्यात रुई, माझ्या मिशीत रुई. कार्डाचे सोनेरी दात पोरीच्या खोडरबरने घासले. खोडरबर काळं झालं, पोरीनं दोन दिवस अबोला धरला.

दोन कार्डं जोडायला पट्टीसारखी 34 तारांची वायर लागते. ती कुठून मिळणार? जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची कापली. तरी गेम सुरू केला की पडदा काळा. कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम बदलले, कार्डांच्या जागा बदलल्या, अगरबत्तीही लावली.

तिसऱ्या रात्री बाबा उठून आले. बाजेवर बसले, तंबाखू मळली.

"काय करून रायला रे इतक्या राती?"

"जोडी जुळवतोय, बाबा."

बाबांनी मान वाकडी करून डब्यात पाहिलं. "एका दावणीचे नाही दिसत. एक दांडगा हाय, एक बारका."

"हो. बारा आणि आठ."

"मंग दांडग्याले बारक्याच्या चालीनं चालाव लागन. त्याचं जास्तीचं बळ फुकट."

मी दचकलो. नेमकं तेच. दोन्ही कार्डांना टेक्स्चरची, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायच्या चित्रांची, आपापली प्रत ठेवावी लागते, त्यामुळे 12 वाल्याचे वरचे 4 एमबी नुसते गोठ्यात बसून राहतात. हे समजायला मी आठ रात्री वाचन केलं होतं. बाबांचं शिक्षण चौथी.

"पन चालन तर. तुही तर चालूनच नाही रायली," ते म्हणाले आणि बोटाने पट्टी उचलली. "ह्या कासऱ्यात पीळ कायचा?"

फ्लॉपीच्या पट्टीत एका टोकाकडे सात तारा उलट्या फिरवलेल्या असतात. ड्राइव्ह ए आणि बी ओळखू यावेत म्हणून ती सोय. ते टोक कापून फेकायचं असतं. मी घाईत सरळ टोक फेकलं होतं आणि पिळाचं जुंपलं होतं.

"कासऱ्यात पीळ असला का कोन्ता बैल कुठी वळते, त्याले बी समजत नाही," बाबा म्हणाले आणि थुंकायला अंगणात गेले.

सरळ टोक कचऱ्याच्या टोपल्यात, पऱ्हाटीच्या काड्यांखाली सापडलं. जोडलं. पडदा उजळला. डोंगर, नदी, वर उडणारं विमान, सगळं 1024 बाय 768. मी ओरडलो, "बाबा, चालली जोडी!"

बाबा आले, लुंगी सावरत दोन मिनिटं विमान पाहिलं.

"चालली खरी," ते म्हणाले. "पन मांगं वखर कुठी हाय?"