अबोला आणि आरती

काल पाच दिवसांचा गणपती पोचवून आलो. घर रिकामं वाटतंय म्हणून लिहायला बसलोय. थोडं लांबेल.

आमचं मूळघर फोंडा तालुक्यात. त्या घरापायी बाबा आणि काका चौदा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. गोव्यात वाटणीचं प्रकरण कसं असतं, ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि ते मला मनापासून योग्य वाटतं. पण इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वाटणीची केस, लागली की सख्खी माणसं समोरासमोर येतात आणि एका परड्यावरून नको ते बोलून जातात. आमच्याकडे तेच झालं.

तरी चौदा वर्षांत चवथ एकदाही चुकली नाही. गणपती एकच, मूळघरातला. आदल्या दिवशी काका रानातून कवंडळं, आंबाडे, सुपारीची कातरं आणून खांबाजवळ ठेवायचे. बाबा ती उचलून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधायचे. मध्ये एक शब्द नाही. रात्री आरतीला वाद्यं दोन: बाबा मातीच्या घुमटावर, काका काठ्यांनी वाजवायच्या शामेळावर. घुमट आरती ज्यांनी जवळून ऐकलीय त्यांना ठाऊक आहे, घुमट आणि शामेळ वाजवणाऱ्यांचे कान एकमेकांकडे नसले तर आरती दोन ओळींत विस्कटते. आमची कधीच विस्कटली नाही.

कॉलेजात असताना मला हे ढोंग वाटायचं. एकदा बाबांना तसं तोंडावर म्हणालो. ते गप्प राहिले. त्या बोलण्याचं आजही वाईट वाटतं.

कारण आता वाटतं, राग आणि माया एका मनात शेजारी शेजारी राहतात. एक आली म्हणून दुसरी उठून जात नाही. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ साली ७२४ पुरुषांपासून सुरू झाला आणि पुढे त्यांच्या बायका-मुलांपर्यंत पोचला. त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात, ऐंशीच्या घरातली काही जोडपी रोज भांडायची, पण अडीनडीला दुसरा धावून येईल ही ज्यांना खात्री होती, त्यांच्या स्मरणशक्तीवर त्या भांडणांचा परिणाम झाला नाही. वाचलं आणि बाबांच्या अँजिओप्लास्टीची रात्र आठवली. काका रात्रभर बाहेर बाकावर बसून होते. आत आले नाहीत. पहाटे काकू पेज घेऊन आल्या, ती काकांनी माझ्या हाती दिली आणि ते निघून गेले. बाबांनी पेज संपवली. कुणी पाठवली, ते विचारलं नाही.

बाहेरची माणसं आम्हाला सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणतात, जणू इथे कुणाला कुणाचं काही लागतच नाही. लागतं हो. खूप लागतं. पण भांडण मिटेपर्यंत चवथ थांबवून ठेवायची नाही, एवढं आमच्या जुन्या माणसांना कळत होतं, आणि सुखाबद्दल मला त्याहून मोठं काही अजून कुणी शिकवलेलं नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. यंदाही काकांनी माटोळीचं सामान आणून खांबाजवळ ठेवलं. मी बांधलं. रात्री आरतीला सगळे उभे राहिले तरी घुमट जमिनीवरच. काकांनी विचारलं, "घुमट कोण वाजयता?" कुणी बोललं नाही, तेव्हा त्यांनीच ते उचलून माझ्या हातात दिलं.

मला नीट येत नाही. दुसऱ्या कडव्यालाच हात मागे पडायला लागला. आणि काका, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आपलं शामेळ माझ्या मागे पडणाऱ्या लयीला जुळवून घेत होते.