परदेशातून: पंप घ्याल हो, पण पाणी सोडणार कुठे?

पणजीत माझ्या मावसभावाच्या सोसायटीत सध्या जुंपलीय. बेसमेंट पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरतं, तर मोठ्या पंपाचे पैसे बिल्डरने द्यायचे की मेंबरांनी. मलाही मध्ये ओढलं, तू टोरंटोत राहतोस, तिथे घरोघरी बेसमेंट, तूच सांग रे म्हणे.

आता इथे थंडीत जमीन गोठते म्हणून पाया चारेक फूट खाली न्यावाच लागतो, मग अजून थोडं खणलं की खोली मिळते. पायाच्या कडेने भोकांचा पाइप, त्यावर खडी, त्यातून पाणी झिरपत कोपऱ्यातल्या खड्ड्यात येतं, पातळी चढली की फ्लोट वर उचलला जातो आणि पंप चालू. बाहेर जाणाऱ्या पाइपला एक झडप, पंप थांबला की वर चढलेलं पाणी परत खड्ड्यात उतरू नये म्हणून, आपल्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचं, म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं, दार भरतीला आपोआप मिटतं ना, तसंच. वादळात नेमकी लाइट जाते, म्हणून शहाणी माणसं बॅटरीवरचा दुसरा पंपही ठेवतात.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही हां. जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं, ८ जुलै २०१३ ला विमानतळावर १२६ मिमी पडला आणि कितीतरी बेसमेंटं बुडाली. (१२६ मिमी! आपल्याकडे आषाढात एवढ्याला कोणी छत्रीसुद्धा बदलत नाही.) पण पन्हळीचे पाइप गटारापासून तोडायची शहराने सक्ती केलीय, छपराचं पाणी आपल्याच अंगणात जिरवा.

आपल्याकडे जिरवणार कुठे? वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, जांभा पाणी पाझरू देणारा, त्यात खोल खणलं की ती विहीरच झाली. शेतं भराव घालून बुजवली, ३९ए वर, म्हणजे गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या कलमावर, आपण तावातावाने बोलतो आणि तेच लोक बेसमेंटवाला फ्लॅट बुक करतात. पूर्वीची घरं उंच जोत्यावर उगाच नव्हती. गाड्याच ठेवायच्या तर स्टिल्टवर, खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर, ठेवा की.

भावाला कळवलंय, कोटेशन राहू दे बाजूला, आधी भर भरतीला जाऊन बघा गटाराचं तोंड मांडवी नदीच्या पाण्याखाली जातं का. जात असेल तर पाच एचपीचा घ्या नाहीतर दहाचा, रस्त्यावर ओतलेलं पाणी फिरून तुमच्याच रॅम्पवरून खाली येणार, नाहीतर शेजारच्या बिल्डिंगच्या, आणि मग ते भांडायला येतील ते वेगळंच.